गड चढून आल्यावर साखर वाढलेली दिसते, ती का?

प्रश्न : मी साताऱ्यात शिक्षिका आहे, वय ४७. गेल्या वर्षी तपासणीत माझे एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) ६.१ निघाले. डॉक्टरांनी औषध न देता आहार सांभाळायला आणि नियमित व्यायाम करायला सांगितले, म्हणून यजमानांबरोबर आणि त्यांच्या मित्रांबरोबर पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढून जाऊ लागले. सगळे भराभर चढतात, त्यामुळे वर पोचेपर्यंत मला धाप लागते. घरच्या ग्लुकोमीटरवर निघण्यापूर्वी साखर १०४ होती आणि उतरून घरी आल्याबरोबर पाहिली तर १३८. नंतरही दोन-तीनदा असेच झाले. उलट रात्री जेवणानंतर शतपावली केली, त्या दिवशी साखर उतरलेली दिसली. माझा भाचा जिमला जातो. तो म्हणतो की पहाटे उपाशीपोटी एवढे श्रम केले की कॉर्टिसॉल हे ताणाचे हार्मोन वाढते आणि त्यानेच पोट सुटते. त्याने ‘हार्मोन बॅलन्स’ करणाऱ्या पावडरचा डबाही आणून दिला आहे. माझे वजन ५६ किलो, म्हणजे फार नाही, पण पोट सुटले आहे, पाळी अनियमित झाली आहे आणि रात्री झोप मोडते. यजमानांना दहा वर्षे मधुमेह आहे. ते पहाटे ग्लिमेपिराइडची गोळी घेऊनच निघतात आणि परतल्यावर त्यांची साखर छान ७०-७५ असते. मग माझीच का वाढते? गड चढणे सोडून द्यावे का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. गड सोडू नका. तुम्हाला दिसलेली वाढ खरी आहे, अपेक्षित आहे आणि थोड्या वेळापुरती आहे. तिच्यामुळे तुमचा मधुमेह जवळ येत नाही. चढण्याची गती आणि आठवड्याची आखणी मात्र बदलायला हवी, ती कशी हे पुढे सांगतो. तुमच्या यजमानांचा जो आकडा तुम्हाला हेवा वाटावा इतका छान वाटतो आहे, त्याची मला तुमच्या आकड्यापेक्षा अधिक काळजी वाटते. त्याविषयी शेवटी सविस्तर लिहितो, पण तो भाग वाचायचा राहू देऊ नका.

आधी यंत्राविषयी. घरगुती ग्लुकोमीटरच्या आकड्यात पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक प्रमाणित मानला जातो, त्यामुळे १०४ आणि ११२ यांत भेद करण्यात अर्थ नाही. बोटावर घाम, फळाचा रस किंवा गुळाचा चिकटपणा राहिला असेल तर आकडा फुगतो, म्हणून हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे केल्याशिवाय थेंब काढू नये. मात्र १०४ वरून १३८ हा फरक यंत्राच्या चुकीपेक्षा मोठा आहे आणि तो पुन्हा पुन्हा दिसला आहे, तेव्हा ती वाढ खरीच आहे असे धरून चालू.

मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून कोणत्याही क्षणी जेमतेम चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाच्या एका चमच्याएवढे, ग्लुकोज असते. चढ चढताना मांड्या आणि पोटऱ्या ते इतक्या वेगाने खर्च करतात की भरपाई झाली नाही तर काही मिनिटांतच चक्कर यावी. तसे होऊ नये म्हणून शरीर व्यायाम सुरू होताच संप्रेरकांची मांडणी बदलते. स्वादुपिंडातून येणारे इन्सुलिन कमी होते आणि त्याच ग्रंथीतून येणारे ग्लुकॅगॉन वाढते. ग्लुकॅगॉन हा यकृताला त्याच्याजवळचा साखरेचा साठा मोकळा करण्याचा निरोप असतो, आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साधारण शंभर ग्रॅम साठा असतो. चाल मध्यम असेल तर यकृतातून येणारी साखर आणि स्नायूंनी घेतलेली साखर यांचा ताळमेळ इतका चांगला बसतो की रक्तातला आकडा फारसा हलत नाही.

धाप लागेल इतक्या जोराने चढलात की यात ॲड्रिनॅलिन उतरते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ते सोडतात, आणि अतितीव्र व्यायामात त्याचे प्रमाण विश्रांतीच्या तुलनेत दहा पटींहूनही वर जाते. छातीतली धडधड, कपाळावरचा घाम आणि यकृतातून साखर बाहेर पडण्याचा वेग, हे तिन्ही त्याचेच परिणाम. अशा जोरदार श्रमांत यकृत नेहमीच्या सात-आठ पट ग्लुकोज सोडते, तर स्नायूंचा वापर तीन-चार पटच वाढतो, असे प्रयोगांत मोजले गेले आहे. उरलेली साखर रक्तात राहते. शिवाय तुम्ही थांबलात की स्नायूंचा खर्च लगेच उतरतो, पण यकृताला मिळालेला निरोप तितक्या तत्परतेने मागे घेतला जात नाही, म्हणून सर्वांत मोठा आकडा व्यायाम संपल्यानंतरच दिसतो. निरोगी माणसातही हे घडते. त्याचे स्वादुपिंड लगोलग इन्सुलिन वाढवते आणि तासाभरात सारे मूळपदावर येते. तुमच्याकडे इन्सुलिनचा परिणाम थोडा मंदावला आहे, म्हणून साखर उतरायला थोडा अधिक वेळ लागतो, एवढाच फरक.

यात पहाटेचीही भर आहे. झोपेतून उठण्याच्या सुमारास कॉर्टिसॉल आणि वृद्धी संप्रेरक यांच्या प्रभावाने यकृत मुळातच साखर सोडत असते आणि आपण काही खाईपर्यंत ते सुरूच राहते. अनेकांना रात्री झोपतानाच्या साखरेपेक्षा सकाळची अनशेपोटीची साखर जास्त दिसते ती त्यामुळे. तुम्ही नेमक्या त्या वेळी, काही न खाता, दमछाक होईल असा व्यायाम करून लगेच बोटाला सुई टोचली, म्हणजे आकडा वाढण्याची सगळी कारणे एकाच वेळी जुळवून आणलीत. शतपावलीची गोष्ट याच्या नेमकी उलट. जेवणामुळे रक्तात इन्सुलिन भरपूर असते, चाल संथ असल्याने ॲड्रिनॅलिन जागचे हलत नाही, आणि पायांचे स्नायू जेवणातली साखर येईल तशी उचलत राहतात. त्यामुळे दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि एकाने दुसरा खोटा ठरत नाही.

मग साखर वाढवणारा व्यायाम साखरेच्या विकारावर औषध कसा, हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. त्याचे उत्तर त्या अर्ध्या तासात सापडणार नाही, पुढच्या दोन दिवसांत सापडेल. स्नायूंच्या पेशींत ग्लुकोज आत घेणारी ग्लूट-४ नावाची प्रथिने असतात. एरवी ती पेशीच्या आत असतात आणि इन्सुलिनच्या सांगण्यावरून पृष्ठभागावर येतात. मात्र स्नायू आकुंचन पावू लागला की इन्सुलिनची वाट न पाहता दुसऱ्याच मार्गाने ती पृष्ठभागावर येतात. पुढचे दार कुरकुरत असले तरी परसदार उघडे असावे, तसे हे आहे. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरातही हा दुसरा मार्ग चांगला चालतो, आणि म्हणूनच तुमच्यासारख्या अवस्थेत व्यायामाइतके नेमके औषध दुसरे नाही. पुढे रिकामे झालेले स्नायू आपला ग्लायकोजेनचा साठा भरून काढतात, आणि साधारण एक-दोन दिवस तेवढ्याच इन्सुलिनमध्ये अधिक काम होते. त्यानंतर परिणाम ओसरतो, म्हणून सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू न देणे हे एका दिवशी जिवाच्या आकांताने चढण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, तुमच्यासारख्याच उंबरठ्यावरच्या लोकांनी आहार सुधारून आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायाम केला आणि थोडे वजन उतरवले, तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी घटले. चेन्नईतील डॉक्टर रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये मांडलेल्या भारतीय अभ्यासात जीवनशैलीतील बदलाने झालेली घट २८.५ टक्के होती. ती कमी असली तरी तिथे माणसांचे वजन जवळपास उतरलेच नव्हते, हे मला अधिक बोलके वाटते. वजनकाटा हलला नाही तरी आत काही सुधारत असते.

आता भाच्याच्या कॉर्टिसॉलविषयी. त्याच्यावर रागावू नका, त्याचे अर्धे बरोबर आहे. जोरदार व्यायामाने कॉर्टिसॉल वाढते. स्वतःच्या कमाल क्षमतेच्या साधारण चाळीस टक्के इतका सौम्य व्यायाम अर्धा तास केला तर ते वाढत नाही, किंबहुना थोडे उतरते. साठ टक्क्यांवर गेलात की वाढते आणि ऐंशी टक्क्यांवर आणखी वाढते. परंतु ही वाढ एक-दोन तासांची असते, आणि जागे झाल्यानंतरच्या पहिल्या पाऊण तासात कॉर्टिसॉल रोजच, अंथरुणात पडून राहिलात तरी, आपसूक उंचावते. महिनोन्‌महिने अहोरात्र चढे राहिलेले कॉर्टिसॉल पोटावर चरबी चढवते हे खरे आहे. तो कुशिंग नावाचा आजार आहे, किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्याचा परिणाम आहे. त्यात चेहरा गोल होतो, हातपाय बारीक होतात, पोटावर जांभळे पट्टे उमटतात आणि कातडी साध्या धक्क्याने काळीनिळी पडते. रोज तासभर गड चढून हे होत नाही. उलट नियमित सराव झाला की त्याच चढावर शरीर पूर्वीपेक्षा कमी ॲड्रिनॅलिन आणि कमी कॉर्टिसॉल सोडते, कारण तो चढ आता त्याला संकट वाटत नाही. काही न खाता चढण्यानेही, तुम्ही साखरेचे कोणतेही औषध घेत नसल्यामुळे, बिघडत नाही. तशा वेळी चरबी थोडी अधिक जळते एवढेच. त्याने वजनात फरक पडतो असे मात्र समजू नका.

मग पोट का सुटले? याची दोन कारणे मला दिसतात आणि त्यांत अजिंक्यतारा कुठेच नाही. एक आपल्या शरीराच्या घडणीचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्याकडच्या लोकांची ‘बारीक पण चरबीदार’ ही ठेवण अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवून दिली. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजनाचा आकडा, २२.३, अगदी सारखा. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तेव्हा छप्पन्न किलो हा आकडा पाहून निश्चिंत होऊ नका आणि वजनकाट्याऐवजी मोजपट्टी वापरा. भारतीय स्त्रीच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर तो धोक्याचा समजतात.

दुसरे कारण वयाचे. भारतात पाळी जाण्याचे सरासरी वय सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास आहे, म्हणजे तुम्ही नेमक्या त्या टप्प्यावर आहात. इस्ट्रोजेन हे स्त्रीत्वाचे संप्रेरक उतरू लागले की चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, हाडे विरळ होण्याचा वेग वाढतो, इन्सुलिनचा परिणाम घटतो, आणि रात्री अंगातून वाफा येऊन झोप मोडते. मोडलेली झोप स्वतःच दुसऱ्या दिवशी इन्सुलिनचे काम बिघडवते, हे बहुतेक जणींना कोणी सांगत नाही. व्यायामाने इस्ट्रोजेन परत येत नाही. पण त्याच्या जाण्याने स्नायूंचे आणि हाडांचे जे नुकसान होते, त्याला व्यायाम बराच आवर घालतो. अट एवढीच की त्यात वजन उचलण्याचा भाग हवा.

तो भाग तुमच्या आखणीत नाही आणि मला तीच मोठी उणीव वाटते. गड चढण्याने पाय बळकट होतात, परंतु पाठ, खांदे आणि दंड तसेच राहतात, आणि साखर साठवण्याची शरीरातील सर्वांत मोठी जागा म्हणजे स्नायू. यकृतात शंभर ग्रॅम ग्लायकोजेन मावते, तर सगळ्या स्नायूंत मिळून चारशेच्या घरात. म्हणून आठवड्यातून दोन दिवस गडाला सुट्टी देऊन घरीच खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर, दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बाटल्या किंवा धान्याच्या पिशव्या घेऊन त्या खांद्यापर्यंत आणि मग डोक्यावर उचलणे, असे व्यायाम करा. दहा-बारा वेळा केल्यावर शेवटचे दोन अवघड वाटावेत इतके वजन असू द्या. सहज होत असेल तर ते वाढवा. जिममधली मुले अशा व्यायामाने वृद्धी संप्रेरक आणि टेस्टोस्टेरॉन ‘उसळते’ म्हणून स्नायू वाढतात असे सांगतात. तात्पुरती उसळी येते, पण स्नायू वाढतो तो त्याच्यावर पडलेल्या ताणामुळे आणि नंतर मिळालेल्या प्रथिनांमुळे; त्या उसळीचा त्यात फारसा हात नसतो. तेव्हा जेवणात डाळ, उसळ, दही, चालत असतील तर अंडी, यांचा वाटा वाढवा.

उरलेल्या दिवसांत तीन-चार वेळा गड चढा, पण यजमानांच्या मित्रांच्या गतीने चढू नका. चालता चालता बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, ही मध्यम श्रमांची ओळख आहे, आणि तुमच्यासाठी सध्या तीच योग्य गती. सराव वाढला की मधूनच एखादा चढ जोराने चढायला हरकत नाही. त्या दिवशी साखर थोडी वर गेलेली दिसेल आणि आता तुम्हाला तिचे कारण ठाऊक आहे. चढताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली तर मात्र तिथेच थांबून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रात्रीची शतपावली रोज ठेवा, जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, दहा-पंधरा मिनिटे. शक्य असेल तर दुपारी शाळेत डबा खाल्ल्यावरही व्हरांड्यात तेवढेच चाला.

मोजमापही थोडे बदला. व्यायामाहून आल्या आल्या साखर पाहणे सोडून द्या. कुतूहल असेलच तर तासाभराने पाहा, आणि खरा निकाल दर तीन ते सहा महिन्यांनी केलेल्या एचबीएवनसीवरून ठरवा. त्यातही एक खोच आहे. पाळी अनियमित असताना रक्तस्राव जास्त जात असेल आणि लोह कमी पडले असेल, तर एचबीएवनसी खऱ्या साखरेपेक्षा वाढलेले येऊ शकते. तुमच्या ६.१ या आकड्यात याचा वाटा आहे का हे कळण्यासाठी पुढच्या तपासणीत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडची टीएसएच चाचणी करून घ्यावी, असे तुमच्या डॉक्टरांना विचारा.

पावडरचा डबा उघडू नका. व्यायामानंतरचे हार्मोन्स बिघडलेले नाहीत, तेव्हा त्यांचा समतोल साधायचा प्रश्न येत नाही. कॉर्टिसॉल उतरवण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अशा मिश्रणांत बहुधा अश्वगंधा असते. ती घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, आणि थायरॉइडच्या संप्रेरकांवरही तिचा परिणाम होतो. घरचे नैसर्गिक औषध म्हणून तिच्याकडे पाहण्याची आपल्याला सवय आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता यजमानांविषयी. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन बाहेर काढते. पोटात अन्न आहे की नाही हे ती पाहत नाही. निरोगी शरीर व्यायामात इन्सुलिन कमी करते असे वर लिहिले, नेमके तेच त्यांच्या शरीराला ही गोळी करू देत नाही. एकीकडे इन्सुलिन वाढते आहे, दुसरीकडे स्नायू परसदाराने साखर ओढत आहेत आणि पोट रिकामे आहे, अशा तिहेरी ओढीतून तो ७०-७५ चा आकडा आला आहे. सत्तरच्या खाली साखर गेली की ती धोकादायक समजली जाते, आणि ते त्या रेषेवर उभे आहेत. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने व्यायाम केला तर साखर अपेक्षेपेक्षा फार खाली येते, हे स्वतः मधुमेही असलेले लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स यांनी १९२६ मध्येच दाखवून दिले होते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनाही तेच लागू पडते. शिवाय व्यायामाचा परिणाम दोन दिवस टिकत असल्यामुळे साखर गडावर उतरली नाही तरी त्या रात्री झोपेत उतरू शकते.

ही गोळी साधारणतः न्याहारीच्या वेळी घ्यायची असते. ती परतल्यावर न्याहारीबरोबर घ्यावी की तिचे प्रमाणच कमी करावे, हे त्यांच्या डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा, आणि तोपर्यंत त्यांना काहीतरी खाल्ल्याशिवाय चढू देऊ नका. स्वतःच्या मनाने गोळी बंदही करू नका. ते रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी घेत असतील तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण साखर उतरल्याची सूचना देणारी धडधड आणि थरथर ॲड्रिनॅलिनमुळेच होते आणि त्या गोळ्या ती दाबून टाकतात. अशा माणसाला मग फक्त दरदरून घाम फुटतो, आणि चढावर घाम सगळ्यांनाच येत असल्याने कोणाच्या लक्षात येत नाही. त्यांच्या खिशात ग्लुकोज पावडरची पुडी आणि पाण्याची बाटली असू द्या. ते असंबद्ध बोलू लागले, चिडचिड करू लागले, पाय लटपटले किंवा ग्लानी वाटली, तर वादात न पडता सपाट तीन चमचे ग्लुकोज पाण्यात घालून पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर पाहा आणि ती सत्तरच्या वर आली नसेल तर तेवढेच परत द्या. बिस्किट किंवा चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता सरळ १०८ ला फोन लावा. त्यांच्याबरोबर चढणाऱ्या मित्रांनाही हे सांगून ठेवा, कारण तुम्ही आता मागून सावकाश येणार आहात.